पांढऱ्या रेघेपर्यंत आवाज

भिवंडीजवळच्या वळ गावातल्या आमच्या घरात आवाज कमी-जास्त करण्याच्या तीन जागा होत्या. एक मोबाइलच्या पडद्यावर, दुसरी ॲम्प्लिफायरच्या तोंडावर, तिसरी वडिलांच्या कानामागे. पहिल्या जागेवर घरातल्या कुणाचंही बोट पोहोचत होतं. तिसरी दवाखान्यातल्या बाईंनी ठरवून दिली होती. वडिलांच्या हातात होती ती फक्त मधली, ॲम्प्लिफायरवरचं लिंबाएवढं गोल बटण. तेही खरं तर त्यांच्या हातात उरलेलं नव्हतं. हे त्यांना दोन महिने कळलं नाही, आणि कळलं तेव्हा घरात वाद झाला. त्या वादाची ही नोंद.

वडील तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका शेडमध्ये त्यांनी अडतीस वर्षं जॉबर म्हणून काम केलं. जॉबर म्हणजे बिघडलेला यंत्रमाग लावून देणारा कारागीर. विणकर बहुतेक उत्तरेकडून आलेले मुसलमान, वडील वळच्या शेतकऱ्याच्या घरातले. ते सगळे त्यांना उस्ताद म्हणत. शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग एकाच वेळी चालत. शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे; कामाचं बोलणं ओठ वाचून आणि हाताच्या खुणांनी होई. मागात काय बिघडलंय हे जॉबर कानाने शोधत नाही. तो चालत्या मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवतो. आडवा धागा नेणारा धोटा उशिरा सुटतोय, पट्टा सैल झालाय, दातेरी चाकाचा एक दात गेलाय, हे त्याला हातातून कळतं.

या कामाने त्यांचे कान नेले, वरून खाली. आधी बारीक आवाज गेले: कुकरची शिटी, दाराची बेल, लहान मुलांचं बोलणं. जाड आवाज मागे राहिले. दवाखान्यातल्या आलेखावर त्यांच्या ऐकण्याची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. कानाचं यंत्र मिळालं. ते बोलणं ऐकायला ठीक होतं. गाणं ऐकताना मात्र वडील ते काढून डबीत ठेवत. यंत्रातून ढोलक पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा येतो, अशी त्यांची तक्रार होती आणि ती मी स्वतः यंत्र कानाला लावून तपासली. तक्रार बरोबर होती.

गाणं म्हणजे अकरा कॅसेटी. भिवंडीत माग शुक्रवारी बंद असतात. वडिलांच्या शेडमधले काही विणकर त्या दिवशी दुपारी मागांच्या मधल्या वाटेत सतरंजी टाकून कव्वाली म्हणत. एक हार्मोनियम, एक ढोलक, बाकी टाळ्या. टाळ्या देणाऱ्यांत वडील होते. ताल पक्का, म्हणून पुढच्या रांगेत. कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर या बैठकी उतरवल्या गेल्या. टेपरेकॉर्डर लांब ठेवलेला असे, त्यामुळे आवाज मुळातच बारीक. गाणाऱ्यांपैकी काही गावी परत गेले, काही वारले. शेडच्या जागी आता गाळे आहेत. या कॅसेटींची दुसरी प्रत कुणाकडे असल्याचं ऐकिवात नाही.

कॅसेट लावायचं यंत्र निकामी झालं तेव्हा मी ठाण्याला एका दैनिकात काम करत होते आणि दर रविवारी वळला येत होते. कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या आणि एक स्ट्रीमर आणला. स्ट्रीमर ही चपटी पेटी. इंटरनेटवरचं किंवा घरातल्या डिस्कवरचं गाणं ती घेते आणि दोन वायरींतून ॲम्प्लिफायरला देते. ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर वडिलांचे जुनेच होते, चांगल्या अवस्थेत. स्ट्रीमरवर सहा बटणं होती. पाचांवर कॅसेटी वाटून लावल्या, सहाव्यावर इंटरनेटची गाणी. वडिलांच्या बोटांची कातडी इतकी टणक झाली आहे की मोबाइलचा पडदा त्यांचा स्पर्श ओळखत नाही. सहा बटणं त्यांना पुरेशी होती.

चूक तिथेच झाली, आणि ती माझी होती. स्ट्रीमरच्या माहितीपुस्तिकेत एक पान आवाजाबद्दल होतं. स्ट्रीमरमधून आवाज दोन पद्धतींनी बाहेर काढता येतो. ‘फिक्स्ड’ ठेवलं तर तो नेहमी पूर्ण ताकदीने बाहेर पडतो आणि किती ऐकायचं ते ॲम्प्लिफायरचं बटण ठरवतं. ‘व्हेरिएबल’ ठेवलं तर मोबाइलवरची पट्टी सरकवून तो आधीच कमी-जास्त करता येतो. मग ॲम्प्लिफायरच्या हाती जे उरेल ते लागतं. पेटी दुकानातून व्हेरिएबलवर आली होती. ते पान न वाचता मी ती तशीच जोडली. सोय म्हणून स्ट्रीमरचं ॲप माझ्या, भावाच्या आणि भावजयीच्या मोबाइलवर टाकून दिलं.

वडील वरच्या मजल्यावर राहतात. सकाळी दहानंतर खुर्ची डाव्या स्पीकरजवळ ओढायची, कानाचं यंत्र काढायचं, पहिलं बटण दाबायचं, डावा तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवायचा आणि उजव्या हाताने आवाज वाढवत न्यायचा, ही त्यांची पद्धत ठरून गेली. हाताला ढोलक लागला की बटण तिथे थांबायचं. पहिल्या रविवारी ते घड्याळातल्या दहाच्या जागी थांबलं. तिसऱ्या रविवारी बाराच्या. सहाव्या रविवारी चारच्या. आठव्या रविवारी बटण शेवटाला टेकलेलं होतं आणि वडील त्यावर आणखी जोर देत होते.

“यंत्र थकलं, बाय,” ते म्हणाले. “न्हायतर माझा हात थकला.”

हात थकला असेल हे त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. ऐकू येत नाही हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. हाताबद्दल शंका आलेली नव्हती. मी वायरी काढून पुसून पुन्हा लावल्या. मग ॲप उघडलं. आवाजाची पट्टी शंभरपैकी बावीसवर होती. मी ती तिथे ठेवलेली नव्हती.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. वडप्याला त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. त्या वर्षी तो ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. तो खाली अंगणात गाडी पुसत होता.

“पट्टी तू खाली आणलीस?”

“मीच आणली. मग?”

“त्यांना सांगितलंस?”

“सांगून ऐकतात का? आणि ऐकू तरी येतं का?” तो हसला. “ताई, तू रविवारी येतेस, मच्छी खातेस, संध्याकाळची जातेस. आम्हाला इथं राहायचं हाय.”

“त्रास कुणाला होतो?”

“सगळ्यांना.”

“एकाचं नाव सांग.”

नाव न घेता त्याने फडकं पिळलं. आमच्या मागच्या भिंतीला लागून गोडाऊन आहे. दिवसभर तिथे कंटेनर मागे येतात आणि मागे येताना भोंगा वाजवतात. मी तिकडे बोट दाखवलं.

“त्याला कोन विचारतो?” भाऊ म्हणाला.

“तुझ्या मुलीच्या वाढदिवसाला आणि चुलत्याकडच्या हळदीला तू डीजे लावलास. भांडी मांडणीवरून खाली आली होती.”

“हळदीची गोष्ट येगळी.”

“वेगळी कशी?”

“ती आपली हाय.”

तो पुन्हा गाडी पुसू लागला. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाला, “पॅनलची चार मानसं रोज इथं बसतात. विचारतात, वरती काय चाललंय. मी काय सांगू?”

“सांग, बाबा टाळ्या देतायत.”

“तुला गंमत वाटते.”

मला गंमत वाटत नव्हती. मी वर गेले आणि पट्टी एकदम शंभरवर नेली. ॲम्प्लिफायरचं बटण शेवटाला टेकलेलंच होतं. ते आधी मागे घ्यायला हवं होतं. कॅसेटवरचं गाणं इतकं बारीक उतरलं होतं की शंभरवरही फार मोठं वाटलं नाही. वडिलांचा तळहात स्पीकरवर होता. “आता बरोबर,” ते म्हणाले. माझा हात मोबाइलवरून निघाला.

चार मिनिटांनी ती कव्वाली संपली. त्या बटणावरच्या यादीतली ती शेवटची होती. यादी संपल्यावर स्ट्रीमर स्वतःहून इंटरनेटवरचं दुसरं काही लावतो, ही त्याची आणखी एक सवय. त्याने कुठलंसं आजकालचं नाचाचं गाणं लावलं. असं गाणं मुळातच पूर्ण ताकदीने भरलेलं असतं, आणि त्याला अडवणारं मध्ये काहीही नव्हतं. खिडकीच्या गजांना कंप आला. गोडाऊनमध्ये खोकी उतरवणारे हमाल काम थांबवून आमच्या खिडकीकडे पाहू लागले. मी बटण उलटं फिरवलं. तेवढ्यात सहा-सात सेकंद गेले असतील.

वडील घाबरले नाहीत. त्यांनी तळहात उचलला, पाहिला आणि मग नाक वर केलं.

“काय तरी जळलं. वास येतोय.”

डाव्या स्पीकरमधला वरचा छोटा स्पीकर जळला होता. बारीक आवाज त्यातून निघतात. वडिलांनी बटण दाबून पुन्हा कॅसेट लावली, हात ठेवला आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. त्यांच्या दृष्टीने ते ठीकच होतं. जे आवाज गेले होते ते त्यांच्याकडून वीस वर्षांपूर्वीच गेले होते. डाव्या बाजूच्या टाळ्या जवळजवळ नाहीशा झाल्या, हे फक्त मला कळलं.

भाऊ धावत वर आला. आता बाजू त्याची होती आणि ती त्याने वापरली. ॲपमध्ये ‘जास्तीत जास्त आवाज’ अशी एक जागा असते. तिथे त्याने तीस घातले आणि मोबाइल मला दाखवला. 

“काय केलंस मोबाइलवर?” वडिलांनी त्याला विचारलं.

भाऊ त्यांच्यासमोर उभा राहिला आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, “मर्यादा घातली. आता बटण कितीबी फिरवा, आवाज वाढणार न्हाय. स्पीकर जळनार न्हाय, कोणाला त्रास न्हाय.”

वडिलांनी बटण हळूहळू शेवटापर्यंत नेलं. दुसरा हात स्पीकरवर होता. हाताला ढोलक पुरता लागला नाही.

“म्हंजे दोन महिने मी रिकामं बटण फिरवत व्हतो?”

 त्यांनी ॲम्प्लिफायर बंद केला आणि वर टॉवेल टाकला.

“दुसऱ्याच्या बोटानं मना ऐकायचं न्हाय,” ते म्हणाले. “बंद म्हंजे बंद.”

पुढचे चार रविवार टॉवेल तसाच होता. भावजयीने एकदा कॅसेट लावून दिली. त्यांनी उठून मेन स्विच बंद केला. भावाने मर्यादा तीसवरून चाळीस करतो म्हणून सांगितलं. वडील म्हणाले, “नव्वद कर. बोट तुझंच राहील.” सकाळी दहानंतर ते खुर्ची खिडकीशी नेऊन बसत. तळहात मांडीवर उताणे. हे मी चार वेळा पाहिलं. पाचव्या रविवारी मी रिक्षा बोलावली आणि दोन्ही स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि स्ट्रीमर त्यात भरून वडिलांना घेऊन निजामपुऱ्यात गेले.

दुरुस्तीचं दुकान एका अरुंद गल्लीत होतं. अजूनही आजूबाजूला माग चालत होते आणि दुकानातल्या काउंटरची काच बारीक थरथरत होती. दुकानदार साठीचा, वडिलांच्या शेडमधल्या एका विणकराचा मुलगा. रिक्षातून उतरणाऱ्या वडिलांना त्याने ओळखलं.

“अरे उस्ताद! पूरी बारात ले के आए?”

“दुल्हा जल गया,” वडील म्हणाले.

दुकानदाराने जाळी काढून पाहिलं. “दुल्हा नहीं, उसका छोटा भाई. मिल जाएगा.” मग मला विचारलं, “बेटी, इसको जलाया किसने?”

मी सांगितलं. पट्टी, बटण, नाचाचं गाणं, तीसची मर्यादा, सगळं क्रमाने. तो ऐकत होता आणि मध्येच वडिलांकडे वळून तेच हाताच्या खुणांनी सांगत होता. खुणा शेडमधल्या होत्या. त्याच्या वडिलांकडून त्याला आल्या असाव्यात. कानाचं यंत्र डबीत होतं आणि ते बाहेर काढायची गरज पडली नाही.

“एक लूम पे दो जॉबर हाथ लगाएंगे तो यही होगा,” वडील म्हणाले. “एक कसता है, दुसरा ढिला करता है. फिर तिसरा आ के सब एकदम कस देता है.”

तिसरा म्हणजे मी.

“तो मोबाइल को छुट्टी दे दो,” दुकानदार म्हणाला. त्याने मला ते न वाचलेलं पान वाचल्यासारखं सगळं समजावलं. स्ट्रीमर फिक्स्डवर टाका. तो पूर्ण आवाज देईल, कुणाच्या मोबाइलचं त्यावर काही चालणार नाही. मात्र तसं करण्याआधी ॲम्प्लिफायरचं बटण शून्यावर आणा. दर वेळी शून्यापासून सुरू करा. गाणं संपल्यावर आपोआप दुसरं लागतं ते बंद करा. कॅसेटीच्या गाण्यांचा आवाज बारीक असेल तर तो संगणकावरच वाढवून घ्या; बटणाकडून ते काम करून घेऊ नका. “और उस्ताद, फिर सारी जिम्मेदारी आपके हाथ की. आपके हाथ को छोटा स्पीकर मालूम नहीं पडेगा. वो चुपचाप जल जाएगा.”

वडिलांनी यावर विचार केला. जळलेला भाग त्यांनी बोटांत धरून उजेडाकडे फिरवला.

“लिमिट कहां है इसका?”

नवा भाग बसवल्यावर दुकानदाराने सहावं बटण दाबून एक दणदणीत गाणं लावलं आणि आवाज वाढवत नेला. गल्लीतले दोन-तीन जण दारात येऊन उभे राहिले. एका जागी गाण्याचा आवाज फाटू लागला. तिथून तो थोडा मागे आला आणि बटणाच्या कडेला, ॲम्प्लिफायरच्या काळ्या पत्र्यावर, व्हाइटनरने एक छोटी रेघ ओढली. घड्याळात दोन वाजल्याच्या जागी.

“यहां तक आपका राज. इसके आगे मत जाना.”

“नहीं जाऊंगा,” वडील म्हणाले. “मशीन की लिमिट मैं मानता हूं. अडतीस साल मानी. लोगों की लिमिट मशीन में नहीं डालने दूंगा.”

परतीच्या रिक्षात त्यांनी ॲम्प्लिफायर मांडीवर घेतला होता.

त्या आठवड्यात मी अकराही कॅसेटींच्या फायलींचा आवाज संगणकावर वाढवला. आवाजाबरोबर टेपची खरखरही वाढली. ती काढायची पद्धत आहे, पण त्यात टाळ्यांच्या कडा बोथट होतात. मी ती काढली नाही. वडिलांना खरखर ऐकू येत नाही.

पुढच्या रविवारी अकरा वाजता जोडणी झाली. वडिलांनी बटण शून्यावर आणून त्यावर हात ठेवला. मी ॲपमध्ये फिक्स्ड निवडलं. पडद्यावर सूचना आली की आता आवाज पूर्ण ताकदीने बाहेर पडेल, ॲम्प्लिफायर कमी केला आहे याची खात्री करा. मी ती वाचून दाखवली. ते माझे ओठ पाहत होते.

“दाब,” ते म्हणाले.

दाबलं. आवाजाची पट्टी करडी झाली आणि बोटाने हलेनाशी झाली. भावाची तीसची मर्यादाही तिच्याबरोबर गेली. वडिलांनी डावा हात लाकडावर ठेवला आणि उजवा फिरवायला घेतला. नऊच्या जागी ते थांबले. थोडे पुढे गेले, थोडे मागे आले. मग उजवा हात बटणावरून निघून मांडीवर ताल देऊ लागला.

त्याच दिवशी अंगणात भावाच्या पॅनलची बैठक होती. वीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. प्रचाराची गाडी फाटकात उभी होती आणि तिच्यावरचे भोंगे तपासले जात होते. वरून मला भाऊ दिसत होता. त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यावर अंगठा घासला, पुन्हा घासला, मोबाइल हलवला. वडिलांनीही ते पाहिलं.

“घास, घास,” ते त्याच्याकडे बघत हळूच म्हणाले.

भाऊ वर आला आणि दारातून काहीतरी बोलला. वडिलांची पाठ दाराकडे होती. तो दुसऱ्यांदा बोलला. शेवटी खोली ओलांडून त्याला त्यांच्या खुर्चीसमोर यावं लागलं.

“बाबा, तासभर बंद करा. मानसं आलीत.”

“का?”

“आवाज मोठा हाय.”

वडिलांनी बटणाकडे बोट केलं. “रेघ कुठं, बटण कुठं, बघ. निम्म्यावर बी न्हाय.”

“खाली ऐकू येतो.”

“तुझ्या गाडीचा भोंगा वर ऐकू येतो. मना बहिऱ्याला येतो.”

भाऊ माझ्याकडे वळला. “ताई, तू तरी सांग यांना.”

“तिला न्हाय. मना सांग,” वडील म्हणाले. “आवाज मोठा हाय का गाना वाईट हाय?”

भाऊ दाराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला.

“सांग ना. तोंड फिरवून बोलू नको, मना दिसत न्हाय.”

“लोक विचारतात, बाबा.”

“काय विचारतात?”

“ही गानी या घरात कशाला, म्हणून.”

तीन महिने घरात त्रास, शेजार आणि स्पीकर यांबद्दल बोलणं झालं होतं. हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. भावाने ते उच्चारलं आणि खिडकीकडे पाहिलं.

वडील संतापले नाहीत. त्यांनी डावा हातही स्पीकरवरून काढला नाही.

“हा ढोलक वाजवतोय ना, तो तुझ्या बारशाला आला व्हता. खाली अंगनात वाजवला. तुझ्या आजीनं त्याला जेवायला वाढलं. तवा कोनी विचारला न्हाय, या घरात कशाला.”

“तवाची गोष्ट येगळी.”

“गाना तोच हाय. घर तेच हाय. टाळी माझी हाय. येगळं काय झालं, ते तू बघ.” मग जरा थांबून, “कोन विचारतो त्याला वर पाठव. मी सांगतो त्याला. तुला कशाला ताप.”

“तुम्ही बंद करनार न्हाय म्हंजे.”

“न्हाय.”

“थोडा कमी तरी?”

वडिलांनी बटण हातात घेतलं आणि भावाकडे पाहत ते पुढे नेलं. दहा. बारा. दोनच्या जागी, पांढऱ्या रेघेला लावून थांबवलं. रेघेच्या पुढे गेले नाहीत. खोली भरून गेली. डाव्या स्पीकरमधून टाळ्या पुन्हा धारदार येत होत्या. खिडकीचं एक दार बंद होतं, तेही त्यांनी मला उघडायला लावलं. मी उघडलं.

भाऊ खाली गेला. बैठक पाऊण तास चालली. मी खिडकीत उभी होते. लोकांनी दोन-तीनदा वर पाहिलं. एकाने भावाच्या कानाशी तोंड नेऊन काही विचारलं. भावाने वर, आमच्या जिन्याकडे हात केला. तो माणूस जिन्याकडे बघत राहिला आणि पुन्हा खुर्चीवर बसला. विचारायला वर कुणी आलं नाही. निवडणुकीच्या निकालाचा या गोष्टीशी संबंध नाही, म्हणून तो इथे दिलेला नाही.

स्ट्रीमर तेव्हापासून फिक्स्डवर आहे. वडिलांच्या खोलीतला आवाज आता जिना चढून, त्यांच्यासमोर उभं राहून आणि ओठ स्पष्ट हलवूनच कमी करता येतो. भाऊ तसा येतो. मुलीच्या परीक्षेसाठी आला तेव्हा वडिलांनी लगेच बटण मागे घेतलं आणि परीक्षा संपेपर्यंत पुढे नेलं नाही. पॅनलची माणसं पुन्हा येणार म्हणून आला तेव्हा त्यांनी त्याला बसायला सांगितलं, कव्वाली संपेपर्यंत बसवून ठेवलं, आणि दुसरी लावली.